उसाच्या सीझनमधला ओला रस्ता आणि दाजींच्या पिकअपचे टायर

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. दाजींची पिकअप चिकोडीहून परत येताना रस्त्यातच आडवी झाली. उलटली नाही, कुणाला लागलंही नाही, पण मागची बाजू अशी फिरली की गाडी निम्मी रस्त्यावर आणि निम्मी शेताच्या बांधाकडं तोंड करून उभी राहिली. पहाटेचे पाच-सव्वापाच वाजले असतील. लग्नाच्या मंडपाचं सामान चिकोडीला टाकून रिकामी गाडी घेऊन ते संकेश्वरकडं येत होते, स्पीड पन्नासच्या आत, आणि दाजी पंचवीस वर्षं स्टेअरिंगवर बसलेला माणूस, उगाच गाडी पळवणारा नव्हे. पाऊस नव्हता, खड्डा नव्हता. पुढं उसाचा ट्रॅक्टर दिसला म्हणून ब्रेकवर नुसता पाय ठेवला आणि मागचं सुटलं.

सात वाजता त्यांचा फोन आला आणि पहिलं वाक्य हेच, "अरे, ब्रेक न्हाई रे, टायर गेलं हातचं."

टायरच्या निवडीचं हे प्रकरण तिथनं चालू झालं आणि पुढं आठ-नऊ महिने चाललं. आमच्या भागात पिकअपवर घर चालवणारे खूप आहेत आणि टायर घेताना आपण सगळे दुकानदार काय म्हणतोय किंवा शेजारच्या गाडीला काय लावलंय एवढंच बघतो, म्हणून जे मोजलं, जे चुकलं, जे ठरवलं ते सगळं इथं सविस्तर लिहितोय.

आधी गाडीचं सांगतो. दाजींचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. आठवड्याला तीन खेपा गोव्याला, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी करत म्हापशापर्यंत. जाताना कोबी, मिरची, बीन्स, सीझनला रताळी, येताना रिकामे क्रेट आणि जमलं तर नारळ. मधल्या दिवसांत मिळेल ते भाडं, त्यात लग्नसराईचं सामान धरूनच. घाटमाथा सुमारे ८०० मीटरवर आणि साखळी जवळपास समुद्राच्या पातळीला, म्हणजे भरलेली गाडी प्रत्येक खेपेला एवढं उतरते आणि रिकामी तेवढंच चढते. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, गाडीचा हिशोब मी बघतो, त्यामुळं टायरचा विषय आपोआप माझ्याकडं आला.

पण माझ्या आधी भाच्यानं उत्तर शोधून ठेवलेलं. तो बेळगावात डिप्लोमा करतोय. संध्याकाळी मी गेलो तर मोबाईल पुढं करून म्हणतो, "मामा, हे बघ की, पिकअपसाठी ऑल-वेदर टायर, हिवाळ्यात रस्ता निसरडा असला तरी धरतंय म्हणे." फोटोत बर्फातनं जाणारी मोठी पिकअप, टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाचं चिन्ह. पोराची काळजी खरी होती, बाप आडवा झालेला त्यानं ऐकलं होतं. म्हणून त्याला "ते आपल्याकडचं नव्हे" असं म्हणून उडवून लावायचं नाही असं मी ठरवलं आणि दोन रात्री बसून ते टायर म्हणजे नक्की काय हे समजून घेतलं.

थंड देशात टायरचे तीन प्रकार धरतात. एक उन्हाळ्याचा, एक निव्वळ हिवाळ्याचा, आणि मधला बारमाही. या बारमाहीत पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोंधळ तिथंच होतो. ज्याला ते ऑल-सीझन म्हणतात त्यावर बहुतेक वेळा एम प्लस एस एवढं लिहिलेलं असतं, म्हणजे मड आणि स्नो. ते चिन्ह नुसत्या नक्षीवरनं मिळतं, गट्ट्यांच्या, म्हणजे टायरवरच्या रबराच्या उंचवट्यांच्या मधे मोकळी जागा पुरेशी असली की झालं, बर्फावर चालवून बघायची अट नाही. ऑल-वेदर म्हणतात त्यावर डोंगर-हिमकणाचं चिन्ह असतं आणि ते १९९९ पासून आहे, त्यासाठी दाबलेल्या बर्फावर टायर किती पकडतोय याची टेस्ट पास व्हावी लागते. अर्थात ती टेस्ट गाडी पुढं ओढण्याची आहे, काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक लागेल याची ती हमी देत नाही. कॅनडाच्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावायचा कायदाच आहे, तिथं हे चिन्ह असलेला ऑल-वेदर टायर चालतो, म्हणून तिकडच्या पिकअपवाल्याला तो सोयीचा पडतो, वर्षातनं दोनदा टायर बदलायची कटकट वाचते.

आता मुख्य गोष्ट रबराची. साधारण ७ डिग्रीच्या खाली साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं, रस्त्याला चिकटून बसत नाही. हिवाळी टायरचं रबर त्या थंडीतपण मऊ राहील असं बनवतात आणि ऑल-वेदर म्हणजे त्याची मधली तडजोड. मी भाच्याला एवढंच विचारलं, बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री किती थंडी असते? बहुतेक रात्री १२ ते १६ डिग्री. म्हणजे ज्या त्रासासाठी ते टायर बनलंय तो त्रास आपल्याकडं नाहीच, उलट एप्रिल-मे मधल्या तापलेल्या डांबरावर भरलेल्या गाडीखाली तसलं मऊ रबर लवकर झिजणार. शिवाय जून २०२० पासून आपल्या देशात बाहेरचे नवे टायर आणायला सरकारचं लायसन लागतं, त्यामुळं ते साइजमध्ये मिळवणं, आणि एक फुटलं तर दुसरं मिळवणं, दोन्ही कठीण.

तो गप्प बसला नाही, आणि ते बरं झालं. म्हणाला, "मग रस्ता निसरडा कसा झाला? पाऊस नव्हता न्हवं?"

हा प्रश्न बरोब्बर होता. रविवारी आम्ही तिघं, दाजी, भाचा आणि मी, पहाटे त्याच जागेवर गेलो. कारखाना तिथनं जवळ. गाळप जोरात चालू, रात्रभर ट्रॅक्टर आणि त्यामागं दोन-दोन ट्रॉल्या. रस्त्यावर काय होतं ते बॅटरी मारून बघितलं. शेतातनं बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांनी काळ्या मातीची ढेकळं डांबरावर आणून टाकलेली, ती पुढच्या चाकांनी दाबून पापडासारखी पसरलेली. त्यावर ट्रॉलीतनं पडलेलं वाढं, पाचट, चिरडलेली कांडी, त्यांचा रस. आणि या सगळ्यावर दव. मी हात लावला तर वरनं मऊ पातळ थर, बोट सरकत पुढं गेलं, साबण लावल्यासारखं. चपलेनं घासलं तर खाली डांबर कोरडंच होतं. जोराचा पाऊस असता तर हे सगळं धुऊन गेलं असतं. दवानं धुतलं जात नाही, फक्त भिजतं. आमच्या सीमाभागातला हिवाळ्याचा रस्ता हा असा आहे, चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक, हुक्केरी, जिथं जिथं कारखाना आणि काळी माती तिथं नोव्हेंबर ते मार्च पहाटे हेच. खानापूरकडं तांबडी माती, ती वेगळी वागते, त्यामुळं दाजींना या काळ्या थराची सवय नव्हती.

घरी येऊन टायर बघितले. शॉपमधनं व्हर्नियर आणलेला, त्याची खोली मोजायची पट्टी खाचेत घालून प्रत्येक टायर तीन ठिकाणी मोजला. पुढचे दोन ४.१ आणि ४.३ मिलीमीटर. मागचे दोन २.३ आणि २.६. आपल्या कायद्यात चारचाकीला कमीत कमी १.६ पाहिजे, म्हणजे कागदावर मागचे टायर पास होते, दाजी पण तेच म्हणत होते की अजून खाच दिसते की. पण थंड देशात बर्फ-चिखलासाठी ४ च्या खाली गेलं की बदला म्हणतात आणि क्वेबेकमध्ये तर हिवाळ्याच्या सुरुवातीला ४.८ असावी अशी शिफारस आहे, कारण पाणी आणि चिखल बाजूला सारायला खाचेला खोली लागते, नुसती दिसून उपयोग नाही.

त्यापेक्षा वाईट गोष्ट साइडवर होती. टायरच्या बाजूला DOT (डीओटी) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. मागच्यांवर ३११८. म्हणजे २०१८ च्या एकतिसाव्या आठवड्यातला माल, सहा वर्षांपेक्षा जुना. अंगठ्याचं नख दाबलं तर उमटतच नव्हतं आणि गट्ट्यांच्या मुळाशी केसासारख्या भेगा. पुढचे २०२१ चे होते, त्यांच्यात नख थोडं रुतत होतं. म्हणजे थंड देशात थंडीनं रबर कडक होतं, आमच्याकडं वय आणि उन्हानं झालं होतं. भाच्याचं उत्तर चुकलेलं असलं तरी त्यानं बोट बरोबर जागी ठेवलं होतं, विषय रबराचाच होता.

आता नवीन कुठलं. इथं मी एक काम केलं जे प्रत्येक पिकअपवाल्यानं एकदा तरी करावं असं मला मनापासून वाटतं. गोव्याच्या खेपेला गाडी भरल्यावर वजनकाट्यावर नेली आणि पूर्ण गाडीचं वजन झाल्यावर काटेवाल्याला सांगून फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून परत वजन घेतलं. मागच्या एक्सलवर १७६० किलो आलं. म्हणजे एका चाकावर ८८०.

टायरवर साइजच्या नंतर जो दोन-तीन आकडी नंबर असतो तो लोड इंडेक्स. आमच्या गाडीचा साइज २१५/७५ आर १५, म्हणजे रुंदी २१५ मिलीमीटर, उंची रुंदीच्या ७५ टक्के, रेडियल, रिम १५ इंची. याच साइजमध्ये जीपसारख्या गाड्यांचा टायर मिळतो त्यावर १०० असतो आणि १०० चा अर्थ ८०० किलो. दोन टायर मिळून १६००. आमचा लोड १७६०. म्हणजे साइज तंतोतंत बसतो, रिमवर चढतो, दिसायला रुबाबदार गट्टे, आणि तरी तो टायर पहिल्या दिवसापासून जास्त वजनाखाली चालणार, घाट उतरताना तापणार, आणि कुठल्यातरी वळणावर फुटणार. अमेरिकेत तर असला प्रवासी गाडीचा टायर पिकअपला लावला की त्याची क्षमता १.१ नं भागून धरतात, म्हणजे ८०० चे सव्वासातशेच राहतात. याउलट एलटी, म्हणजे लाइट ट्रकवाला त्याच साइजचा टायर १०६/१०३ मध्ये येतो. १०६ म्हणजे ९५० किलो, १०३ हा आकडा मागं डबल चाकं असतील तर धरायचा, आपलं सिंगल. दोन मिळून १९००, आमच्या लोडपेक्षा १४० किलो वर. ५० किलोच्या पोत्यात तीन पोतीपण नाहीत. दाजी "वर चार पोती टाकूया" म्हणायचे ते त्या दिवसापासून बंद झालं, आक्कानं वजनाची पावतीच कपाटाच्या आत चिकटवून ठेवली.

दुकानात गेलो. दुकानदार कन्नड बोलणारा, मराठी झकास, आण्णा म्हणतात सगळे. आधी रिमोल्ड दाखवला, म्हणजे जुन्या टायरवर नवीन रबर चढवलेला, निम्म्या किमतीत. रिमोल्ड सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही, सपाटीवरच्या कितीतरी गाड्या त्यावर चालतात, पण घाटात भरलेली गाडी उतरवायची आणि खालच्या सांगाड्याचं वय माहीत नाही, म्हणून नको म्हणालो. मग त्यानं मोठ्या गट्ट्यांचा ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचा टायर दाखवला, एम प्लस एस लिहिलेला. भाच्याचे डोळे चमकले. मी लोड इंडेक्स वाचला, १००. परत ठेवायला सांगितलं. आण्णा म्हणाला, "सगळे हेच लावतात की." लावत असतील, पण त्यांचा लोड आम्हाला माहीत नाही, आमचा १७६० आहे.

शेवटी एलटी टायर ठरला. नक्षीत दोन पर्याय होते. एक सरळ रिब, लांबच्या लांब खाचा, हायवेला चांगला आणि आवाज कमी. दुसरा मिक्स, मधे रिब आणि कडेला आडव्या खाचा. आमच्या कामात काळा चिखल आहे, शेताच्या बांधावर मालासाठी जावं लागतं, आणि जून ते सप्टेंबर कणकुंबीचा पाऊस आहे, त्यामुळं मागं मिक्स. हिवाळ्याचं बघायला गेलो आणि शेवटचा निर्णय पावसानं केला म्हटलं तरी चालेल, कारण आमच्याकडं बारमाही म्हणजे ऊन, दव-चिखल आणि चार महिने धो-धो, त्यात हिमकण कुठंच नाही. घेताना तारीख बघितली, चार महिन्यांपूर्वीचा माल, आयएसआय मार्क बघितला. दोन टायर, व्हॉल्व, बॅलन्सिंग धरून साडेसोळा हजार.

चारही एकदम घ्यायला पैसे नव्हते. मग दोन नवीन कुठं, यावरनं दुकानातच वाद. आण्णा आणि दाजी दोघांचं म्हणणं पुढं, स्टेअरिंग पुढं आहे, पुढचा टायर फुटला तर गाडी हातात राहत नाही. फुटण्याची भीती खोटी नाही, पण पुढचे टायर फुटण्याच्या अवस्थेत नव्हतेच, ४ मिलीमीटरचे, २०२१ चे. आणि निसरड्यावर पुढची चाकं सरकली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की बऱ्याच वेळा परत धरते. मागची सरकली तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं कुणाच्याच हातात नसतं. पिकअपमध्ये तर ओढणारी चाकं मागं, आणि रिकामी असली की मागं वजनच नाही, स्प्रिंगचे कडक पाटे, गाडी नुसती उड्या मारते. बर्फाच्या देशात पिकअपवाले हिवाळ्यात मागच्या एक्सलवर वाळूची पोती टाकून फिरतात ते याचसाठी. दाजींनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "त्या दिवशी मागचंच सुटलेलं. लाव मागं."

हवेची भानगड पण त्याच दिवशी कळली. ९५० किलो ही क्षमता त्या टायरवर लिहिलेल्या पूर्ण हवेला आहे, ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). दाजी हवा दुपारी मारायचे, टायर तापलेले असताना. आता एवढ्या हवेच्या टायरमध्ये दर १० डिग्रीला साधारण अडीच पीएसआय फरक पडतो. दुपारी ३० डिग्रीत ६५ भरली तर पहाटे १४ डिग्रीत ती ६१ च्या आसपास, आणि टायर गरम असताना भरली असेल तर अजून कमी. म्हणजे हिवाळ्यात भरलेली गाडी पहाटे घाटाला लागते तेव्हा हवा कमीच. आता खेपेच्या आधी सकाळी थंड टायरवर हवा बघायची असं ठरलं, बाराशे रुपयांचा गेज घेतला, तो भाच्याकडं दिला आणि त्यानं वहीत तारीखवार आकडे लिहायला घेतले. उलट बाजूनं, रिकाम्या गाडीला ६५ म्हणजे टायर मधेच फुगून रस्त्याला कमी टेकतो, चिकोडीच्या त्या पहाटे हे पण होतंच. रोज हवा कमी-जास्त करत बसणं जमत नाही, म्हणून लांब रिकामं यायचं असेल आणि रात्र असेल तर मॅन्युअलमधल्या बिनलोडच्या आकड्यावर आणायची, नाहीतर सावकाश यायचं.

जानेवारीत दाजी परत त्याच रस्त्यानं आले, पहाटेच, रिकामेच. मी मुद्दाम बरोबर बसलो. तोच काळा थर, तेच वाढं. चाळीसवर होते, मोकळा रस्ता बघून त्यांनी हलका ब्रेक मारला, मागून चर्र असा चिखलाचा आवाज आला, गाडी थोडी घसटली आणि सरळच थांबली. दाजींनी खाली उतरून मागच्या टायरवर हात फिरवला. कडेच्या खाचा काळ्या मातीनं भरल्या होत्या, चार फेरे फिरल्यावर त्या मोकळ्या झाल्या. त्यांना काय वाटलं ते बोलले नाहीत, पण चहा त्यांनीच पाजला.

मे महिन्यात, पावसाच्या आधी, पुढचे दोन बदलले, त्याच कंपनीचे, रिब नक्षीचे, आणि अलाइनमेंट करून घेतली. ही अलाइनमेंट डिसेंबरातच करायला हवी होती, तेवढ्यात पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड दीड मिलीमीटर जास्त घासली होती. जून-जुलैच्या पावसात चोर्ल्याच्या वळणांवर पाण्याचे लोट असताना गाडी एकदाही सुटली नाही. मिक्स टायरचा आवाज हायवेला जास्त आहे आणि डिझेल किंचित जास्त जातंय, पण घरात त्यावर कुणी तक्रार करत नाही. ऑगस्टमध्ये परत व्हर्नियर लावला. नवीन असताना मागचे १०.२ होते, आता सुमारे २७ हजार किलोमीटरनंतर ६.८ आणि ६.६. या हिशोबानं पुढचा उसाचा सीझन निघेल, पण तो संपता संपता ते ४ च्या जवळ येतील, म्हणून दर खेपेमागं तीनशे रुपये आक्काकडं वेगळे ठेवायचे ठरलंय.

एक गोष्ट मात्र आमच्याकडनं राहिली. २०१८ च्या त्या दोन जुन्या टायरमधला बरा वाटणारा एक आम्ही स्टेपनी म्हणून ठेवला होता. ऑगस्टच्या शेवटी कणकुंबीच्या पुढं रात्री मागचा उजवा पंक्चर झाला, गाडी भरलेली, पाऊस चालू, आणि तो टायर लावून दाजींना माल घेऊन घाट उतरावा लागला. वीसच्या स्पीडनं, हॅझर्ड लावून, म्हापशाला तीन तास उशीर, निम्मी मिरची व्यापाऱ्यानं भाव पाडून घेतली. परत आल्यावर बघितलं तर त्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलेला. दुसऱ्या दिवशी भाचा स्वतः दुकानात गेला, साइज, १०६ आणि तारीख बघून पाचवा टायर घेऊन आला.